खोट्या विमानाची मेमरी

भालकी, औराद, बिदर या पट्ट्यात डोक्यावरून जेट गेलं म्हणून कुणी मान वर करत नाही. बिदरचा हवाई तळ दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला, आणि वैमानिक घडवणं हे त्याचं मुख्य काम. हवाई दलाचं 'सूर्यकिरण' हे कसरती पथक १९९६ मध्ये इथंच उभं राहिलं, एचएएलच्या किरण मार्क-२ विमानांवर. फेब्रुवारी २००८ मध्ये हॉक विमानं दाखल झाली तीही इथंच. वर्गात शिकवताना आवाज आला की मास्तर थांबतात आणि तो ओसरला की वाक्य जिथं सोडलं होतं तिथून पुढं चालू करतात.

या आवाजाखाली वाढलेल्या पोरांना उडायचं असतं, यात नवल नाही. आता त्यांच्या दारात नागरी विमानही आलंय. कलबुर्गीचा विमानतळ नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाला, बिदरहून बेंगळुरूची सेवा फेब्रुवारी २०२० मध्ये. कलबुर्गीच्या विमानतळावर उड्डाण शिकवणाऱ्या संस्थाही आल्या. पण व्यावसायिक परवान्यासाठी २०० तास उडावं लागतं, आणि त्याचा खर्च चाळीस-पन्नास लाखांच्या घरात जातो. दोन-चार एकर कोरडवाहू तूर-सोयाबीनच्या घरात हा आकडा नुसता बोलायलाही जड जातो. म्हणून मग असेंबल केलेला पीसी, एक जॉयस्टिक आणि फ्लाइट सिम्युलेटर. त्यावरचे तास कुठल्याही लॉगबुकात धरत नाहीत, पण धावपट्टी ०९ कुठल्या दिशेला असते आणि फ्लॅप कधी सोडायचे, हे बारावीच्या आत पाठ होतं.

आणि मग कलबुर्गीच्या ३,१७५ मीटरच्या त्या धावपट्टीवर उतरताना, जमीन जवळ येऊन घरं-झाडं उमटायला लागली की चित्र अडखळतं. विमान एका जागी थबकतं आणि एकदम शंभर फूट पुढं जाऊन पडतं. "लई अडकायलंय," एवढं एकच निदान मित्रमंडळींत होतं, आणि त्याच्यामागून ठरलेला प्रश्न: प्रोसेसर बदलू का रॅम वाढवू?

हा प्रश्न दुकानात विचारला जातो म्हणून तो दुकानातला वाटतो. खरं तर संगणकाची मेमरी ज्या घराण्यातून आली, त्या घराण्याचा मूळपुरुषच एक फ्लाइट सिम्युलेटर आहे. त्याच्याही आधी एक पूर्वज होता, आणि त्याला मेमरी लागत नव्हती, हवा लागत होती.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन गावी लिंक कुटुंबाचा ऑर्गन आणि आपोआप वाजणारे पियानो बनवायचा कारखाना होता. त्यातला मुलगा एडविन लिंक. त्याला विमान शिकायचं होतं आणि शिकवणी परवडत नव्हती. ऑर्गनमध्ये भाते असतात, झडपा असतात, हवेच्या दाबानं हलणारे पट्टे असतात. लिंकनं तेच भाते एका ठेंगण्या लाकडी विमानाखाली बसवले. दांडी डावीकडे लोटली की एका भात्यातली हवा काढून घेतली जाई आणि पेटी डावीकडे कलंडे. हे १९२९ साल. लष्करानं सुरुवातीला ढुंकून पाहिलं नाही. पहिली गिऱ्हाइकं मिळाली ती जत्रेतल्या खेळण्यासारखी, करमणुकीच्या बागांकडून.

१९३४ मध्ये चित्र पालटलं. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी खासगी कंपन्यांचे हवाई टपालाचे ठेके रद्द केले आणि ते काम लष्कराच्या वैमानिकांवर टाकलं. त्यांना ढगात, रात्री, नुसत्या उपकरणांवर नजर ठेवून उडायचा सराव नव्हता. काही आठवड्यांत दहा-बारा जण गेले. तेव्हा लष्कराला लिंकची पेटी आठवली, आणि तिच्याविषयी बोलायला लष्करी अधिकारी न्यूअर्कला त्याची वाट पाहत होते. बाहेर इतकं धुकं की तो येणार नाही असं धरून ते निघायच्या बेतात होते, आणि त्या धुक्यातून लिंक स्वतः विमान घेऊन उतरला. आपल्या पेटीवर उपकरणांवरचं उड्डाण शिकता येतं, याचा याहून वेगळा पुरावा द्यावा लागला नाही. सहा पेट्यांची मागणी नोंदली गेली, प्रत्येकी ३,५०० डॉलर.

निळ्या रंगाच्या त्या पेटीतली मला सगळ्यात आवडणारी वस्तू पेटीच्या बाहेर होती. प्रशिक्षकाच्या टेबलावर नकाशा पसरलेला, आणि त्यावर तीन चाकांचं एक यंत्र शाईची रेघ ओढत सरकायचं. त्याला खेकडा म्हणत. आत झाकणाखाली अंधारात बसलेल्या पोराला वाटतंय आपण सरळ चाललोय, आणि बाहेर खेकडा त्याची वाकडी वाट कागदावर काढून ठेवतोय. महायुद्धात अशा दहा हजारांच्या आसपास पेट्या बनल्या. भारतातल्या प्रशिक्षण केंद्रांतही त्या पोचल्या.

पेटीची मर्यादा अशी की ती कुठल्याच विमानासारखी उडत नव्हती, फक्त आपल्यासारखी उडत होती. नवं विमान आलं की नवी पेटी. बॉम्बर, लढाऊ, टेहळणी, प्रत्येकाचा वेगळा संच. १९४४ मध्ये अमेरिकन नौदलानं एमआयटीपुढं मागणी ठेवली ती यातूनच: एकच असं यंत्र करा की त्याला विमानाचे आकडे दिले की ते त्या विमानासारखं वागेल. पंखावरचा दाब, शेपटीचा रोध, वजन, सगळं गणितानं काढायचं आणि वैमानिकानं दांडी हलवल्याबरोबर उत्तर द्यायचं. हे काम जे फॉरेस्टर नावाच्या तरुण अभियंत्याकडे आलं, सोबतीला रॉबर्ट एव्हरेट. यंत्राचं नाव पडलं व्हर्लविंड, म्हणजे वावटळ.

आधी त्यांनी चाकं-मोटारी-व्होल्टेज यांचं सादृश्य यंत्र करून पाहिलं. ते पुरेसं अचूक होईना. मग आकडे मोजणाऱ्या यंत्राकडे वळले आणि तिथं एका नव्याच अडचणीत सापडले. त्या काळचे संगणक तोफगोळ्याचे तक्ते नाहीतर जनगणना मोजत. उत्तर दुपारी मिळालं काय, संध्याकाळी मिळालं काय, गोळा कुठं पळून जात नव्हता. इथं वैमानिक दांडी धरून बसलेला. उत्तर क्षणात हवं, आणि पुढच्या क्षणी पुन्हा हवं. सेकंदाला हजारो गणितं करायची तर त्यातले आकडे कुठंतरी ठेवून तितक्याच झटपट परत काढता आले पाहिजेत. पाऱ्याच्या नळीतून ध्वनिलहरी फिरवून आकडे साठवायची तेव्हाची रीत इथं कुचकामी, कारण हवा तो आकडा फिरून येईपर्यंत थांबावं लागे.

व्हर्लविंडनं काचेच्या नळ्या घेतल्या, दूरदर्शन संचातल्यासारख्या. त्यांच्या आतल्या पृष्ठावर विद्युतभाराचे ठिपके उमटवायचे, ठिपका म्हणजे एक. नळ्या महाग, आणि साधारण महिन्याभरात खलास. रोज चार-चार तास मेमरीच्या दुरुस्तीत जात. प्रोसेसर तयार, मेमरी आजारी. आज पीसी घेणारा पोरगा ज्या कोड्यात पडतो, त्याचा हा पहिला प्रवेश.

१९४९ मध्ये फॉरेस्टरला एका मासिकात चुंबकीय पदार्थाची जाहिरात दिसली. त्यातून त्याच्या डोक्यात आलं की त्या पदार्थाच्या बारीक कड्या कराव्यात, त्यांतून तारांची जाळी ओवावी आणि प्रत्येक कडीला एका दिशेनं किंवा उलट दिशेनं चुंबकित करावं. एक दिशा म्हणजे शून्य, दुसरी म्हणजे एक. आडव्या तारेतून अर्धा प्रवाह सोडायचा, उभ्या तारेतून अर्धा. दोन्ही जिथं छेदतात तेवढीच कडी पलटते, बाकीच्या ढिम्म राहतात. एका चौकटीत ३२ बाय ३२, म्हणजे १,०२४ कड्या. जाळीतल्या कुठल्याही कडीपर्यंत पोचायला तेवढाच वेळ, आणि वीज गेली तरी आकडा तिथंच.

ऑगस्ट १९५३ मध्ये ही जाळी व्हर्लविंडला बसली. मेमरीतून आकडा काढायला २५ मायक्रोसेकंद लागत होते ते ९ वर आले. यंत्राचा एकूण वेग दुपटीच्या आसपास गेला, आणि मेमरीची दुरुस्ती रोजच्या चार तासांवरून आठवड्याच्या दोन तासांवर. प्रोसेसरला हात लावलेला नव्हता. रॅम बदलली आणि यंत्र पळालं, याची इतकी स्वच्छ नोंद नंतर क्वचितच सापडते.

गंमत अशी की तोवर त्यात विमान उरलंच नव्हतं. १९४८ मध्येच सिम्युलेटरचा कॉकपिट बाजूला पडला होता. पुढच्या वर्षी रशियानं अणुचाचणी केल्यावर अमेरिकन हवाई दलाला रडारवरची बॉम्बर विमानं माग काढत मोजणारं यंत्र हवं झालं, आणि व्हर्लविंड तिकडं गेलं. विमान खोटं उडवायला निघालेल्या मंडळींनी विमान उडवलंच नाही, पण पुढची वीसेक वर्षं जगातल्या बहुतेक संगणकांनी ज्यात आपले आकडे ठेवले, ती वस्तू करून ठेवली. मुंबईत टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये रंगस्वामी नरसिंहन यांच्या चमूनं बनवलेला आणि १९६० मध्ये सुरू झालेला संगणक, ज्याला नेहरूंनी १९६२ मध्ये टिफ्रॅक नाव दिलं, त्याच्यातही असल्याच फेराइटच्या कड्यांची मेमरी होती. पुढं १९७० मध्ये इंटेलची ११०३ ही सिलिकॉनची मेमरी चिप आली आणि कड्या ओवायचं काम संपलं. आज रॅमच्या कांडीवर बसलेल्या काळ्या चिपा त्या ११०३ च्या वारसदार आहेत.

मधली शाखा सरकार आणि विमान कंपन्यांची आहे, ती थोडक्यात सांगतो. पॅन अ‍ॅमनं १९४८ मध्ये बोइंग स्ट्रॅटोक्रूझरचा सिम्युलेटर घेतला. त्याला हालचाल नव्हती आणि खिडकीबाहेर काही दिसत नव्हतं. नंतर खिडकीबाहेर दिसावं म्हणून खोलीभर भिंतीवर गावाची प्रतिकृती उभी करत, आणि तिच्यावरून कॅमेरा फिरवून ते चित्र वैमानिकाला दाखवत. सत्तरच्या दशकात संगणकानं काढलेली दृश्यं आली ती पहिल्यांदा फक्त रात्रीची, कारण काळ्या पडद्यावर दिव्यांचे ठिपके काढणं यंत्राला झेपत होतं, दिवसाउजेडीची शेतं झेपत नव्हती. अशा सिम्युलेटरांचं बिदरपासून सगळ्यात जवळचं घर म्हणजे हैदराबादेतलं तेव्हाच्या इंडियन एअरलाइन्सचं सेंट्रल ट्रेनिंग एस्टॅब्लिशमेंट होतं. शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, पण फाटकापलीकडं.

हवाई दलाच्या बाजूनं बिदरची गोष्ट उशिराची आहे. साध्या जेट प्रशिक्षण विमानावरून उमेदवार थेट मिग-२१ वर जात, आणि मधली पायरी नव्हती. १९८२ मध्ये ला फाँटेन समितीनं प्रगत प्रशिक्षण विमानाची शिफारस केली. हॉकचा करार झाला २००४ मध्ये: ६६ विमानं, त्यातली २४ तयार आणि ४२ एचएएलनं बनवायची. शिफारस आणि करार यांच्यात बावीस वर्षं गेली. त्या बावीस वर्षांत किती तरुण गेले हा हिशेब इथला विषय नाही, पण बिदरमध्ये हॉकचं कौतुक होतं तेव्हा मला आधी तो आकडा आठवतो. शिकाऊ आणि खरं यांच्यातली फट कुणीतरी भरावी लागते. पैसा असेल तर मधलं विमान भरतं, नसेल तर आकडेमोड.

घरातल्या सिम्युलेटरची शाखा फुटली ती इलिनॉय विद्यापीठात. ब्रूस आर्टविक या विद्यार्थ्यानं १९७५ च्या आपल्या प्रबंधात विमानातून दिसणारं हलतं दृश्य संगणकावर काढून दाखवलं. त्यानं काढलेल्या सबलॉजिक कंपनीचा फ्लाइट सिम्युलेटर अ‍ॅपल-२ वर १९८० च्या सुमारास आला. त्यातला ६५०२ हा प्रोसेसर एका मेगाहर्ट्झचा, आणि त्याला गुणाकाराची आज्ञाच नव्हती; गुणाकार बेरजा आणि सरकवासरकवी करून काढायचा. दृश्य म्हणजे काळ्यावर पांढऱ्या रेघा. तेही सेकंदाला मोजक्या वेळा बदलायचं. तरी लोक त्यात तासन्‌तास उडत.

नोव्हेंबर १९८२ मध्ये मायक्रोसॉफ्टनं आर्टविककडून घेतलेला सिम्युलेटर आयबीएम पीसीवर आला. ६४ केबी मेमरी, ४.७७ मेगाहर्ट्झचा ८०८८. उड्डाण शिकागोच्या मेग्ज फील्डवरून. त्याची मशीनशी सलगी इतकी जवळची की आयबीएमची नक्कल करणारे कारखानदार आपला पीसी खरा उतरलाय का ते तपासायला दोन गोष्टी चालवून पाहत: लोटस १-२-३ आणि फ्लाइट सिम्युलेटर. हिशेबाचा तक्ता आणि विमान. या दोन्ही पायांवर पीसीचा सगळा धंदा उभा राहिला, आणि आपण त्यातला एकच पाय गंभीर मानतो.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात पीसी असायचा तो कॉम्प्युटर क्लासमध्ये, टॅली आणि सी शिकायला, चपला बाहेर काढून. मेमरी सोन्याच्या भावानं जायची. १९९५ च्या आसपास जगाच्या बाजारातच एका एमबीला तीसेक डॉलर पडत, त्यावर आपली जकात. भारतानं १९९७ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारावर सही केली, आणि २००५ पर्यंत संगणकाच्या सुट्या भागांवरची जकात टप्प्याटप्प्यानं शून्यावर आली. बिदर-उदगीरच्या घरांत पीसी शिरला तो साधारण याच काळात, सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरमधून सुटा माल आणून जोडलेला. मुंबईला लॅमिंग्टन रोड तसं या भागाला सीटीसी. त्याबरोबर तीन-चार सीडींत फ्लाइट सिम्युलेटर आला. कसा आला ते विचारू नये.

त्या काळी दुकानदाराचं उत्तर बरोबर असायचं: रॅम टाका. विंडोज आणि सिम्युलेटर दोघांना मेमरी अपुरी पडायची, मग मशीन हार्ड डिस्कवर आकडे टाकत बसायचं आणि डिस्क कुरकुरत राहायची. ६४ एमबीच्या १२८ केल्या की फरक डोळ्यांना दिसायचा.

ऑक्टोबर २००६ मध्ये आलेल्या फ्लाइट सिम्युलेटर एक्सनं हे उत्तर मोडलं. प्रोसेसरचा वेग दर दोन वर्षांनी वाढत जाईल, या भरवशावर त्याचा पाया होता. इंटेल दहा गिगाहर्ट्झची भाषा करत होती. पण उष्णतेपुढं वेग अडला. २००४ मध्येच इंटेलनं टेजास ही चिप रद्द केली, आणि पुढं एका चिपेत एकाचे दोन, दोनाचे चार गाभे (कोअर) देण्याची वाट धरली. एक्सचा बहुतेक भार एकाच गाभ्यावर. दुसरे गाभे बसून. वर त्याची रचना ३२ बिटांची, म्हणजे चार जीबीपलीकडचं त्याला दिसायचंच नाही. मशीनमध्ये १६ जीबी घातली तरी चार तासांचं उड्डाण करून, उतरायच्या बेतात, टिंग असा आवाज व्हायचा आणि मेमरी संपल्याची पाटी झळकायची. विमानतळ समोर, पडदा कोरा. या काळात रॅमवर घातलेला पैसा पाण्यात गेला. मायक्रोसॉफ्टनं २००९ च्या जानेवारीत तो सिम्युलेटर बनवणारा स्टुडिओच बंद केला. लोक एक्स-प्लेनकडे गेले, नाहीतर लॉकहीड मार्टिनच्या प्रीपार-थ्रीडीकडे, ज्यानं २०१७ मध्ये ६४ बिटांची वाट धरली.

ऑगस्ट २०२० चा मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर टाळेबंदीत आला. उपग्रहाच्या छायाचित्रांवरून सगळी पृथ्वी. न्यूयॉर्कसारखी निवडक शहरं त्रिमितीत मोजून केलेली. बाकी ठिकाणी छायाचित्रातलं छप्पर पाहून ऑस्ट्रियातल्या एका कंपनीची प्रणाली इमारतीचा अंदाज बांधते. महमूद गावानचा मदरसा तिला काय वाटेल, ते ज्यानं त्यानं बिदरवरून उडून पाहावं. मेमरी कमीत कमी ८ जीबी, शिफारस १६, उत्तम ३२. नोव्हेंबर २०२४ च्या आवृत्तीनं हे आकडे दुप्पट केले: १६, ३२, ६४.

आकडे वाचून पोरगं ६४ जीबी भरायला निघतं. तिथं त्याला थांबवायला हवं.

सिम्युलेटरला आपण कशावर अडलोय ते विचारायची सोय असते. अडखळणाऱ्या मशीनवर तिथं बहुधा एकच ओळ येते: मुख्य धाग्यामुळे (मेन थ्रेड) अडलंय. विमानाची स्थिती, उपकरणं, हवामान, चित्र काढायला ग्राफिक्स कार्डाला द्यायचे हुकूम, यांचा मोठा वाटा एकामागून एकच होऊ शकतो, कारण पुढचं पाऊल मागच्यावर अवलंबून. सेकंदाला तीस चित्रं हवीत तर प्रत्येकाला ३३ मिलिसेकंद. सोळा गाभे असले तरी हा धागा एकाच गाभ्यावर धावतो.

आणि तो धावण्यापेक्षा जास्त थांबतो. व्हर्लविंड सेकंदाला काही दहा हजार आज्ञा पाळायचं. आजचा एक गाभा अब्जावधी पाळतो. म्हणजे प्रोसेसर लाखपटीहून पुढं गेला. मेमरीला मात्र व्हर्लविंडमध्ये ९ मायक्रोसेकंद लागत, आजच्या रॅमला ८० नॅनोसेकंदांच्या आसपास. शंभर पट. मेमरीचा आकार अफाट वाढला, पण मागितलेली वस्तू हातात यायला लागणारा वेळ त्या मानानं जेमतेम घटला. फॉरेस्टरच्या नळ्यांपुढं ताटकळणारा प्रोसेसर अजून ताटकळतोच आहे, फक्त आता त्याच्या एका थांब्यात शेकडो गणितं वाया जातात.

यावर उपाय म्हणजे प्रोसेसरच्या आतच ठेवलेली छोटी, झटपट मेमरी, कॅश. किराणा दुकानात रोजचा माल गल्ल्यामागच्या फळीवर असतो आणि पोतं गोदामात. गोदाम कितीही मोठं केलं तरी गिऱ्हाइकाची रांग फळीवरच ठरते. एएमडीनं एप्रिल २०२२ मध्ये रायझेन ७ ५८००एक्स३डी आणला तेव्हा ही फळी मोठी केली: चिपेवर चिप रचून ९६ एमबी कॅश, नेहमीच्या तिप्पट. घड्याळाचा वेग उलट जरा कमी होता. कागदावर हळू दिसणारी ही चिप फ्लाइट सिम्युलेटरमध्ये तिच्याहून महागड्या चिपांना मागं टाकत होती. त्याच वाणाची स्वस्त ५७००एक्स३डी जानेवारी २०२४ मध्ये आली, आणि जुन्या एएम४ मदरबोर्डवर बसत असल्यामुळे आमच्याकडच्या पोरांना तीच परवडली.

बसवताना घाई नडते. आधी पेनड्राइव्हवरून बायॉस नवा करायचा, आणि तो होत असताना लाईट गेली तर बोर्ड कामातून जातो. म्हणून आधी यूपीएस. मग जुन्या चिपेवर दहा मिनिटं काहीतरी जड चालवून ती गरम करायची. हे विचित्र वाटतं, पण थंड मशीनवर कूलर उपसला तर वाळलेली पेस्ट चिपेला धरून ठेवते आणि चिप कुलूप न उघडताच सॉकेटमधून उपटून येते, खालच्या शेकडो पिनांसकट. गरम असताना कूलर आधी डावी-उजवीकडे पिळायचा, मग उचलायचा. कलबुर्गीच्या बाजूला कॅबिनेट उघडलं की पंख्यांवर बारीक पिवळट धूळ बसलेली असते. डाळ मिलांच्या गावात ती कुठून येते ते सांगायला नको. ती मऊ ब्रशनं काढली तरी पाच-सात अंश उतरतात, आणि मे महिन्यात खोलीच बेचाळीसला असते तेव्हा ते पाच-सात अंश महत्त्वाचे, कारण नव्वदीच्या आसपास चिप आपला वेग आपणच कमी करते. नवा प्रोसेसर घ्यायच्या आधी एकदा नुसती धूळ काढून उडून पाहावं, असं मी सांगतो. ऐकत कुणी नाही.

रॅमचंही तसंच. सोळाची एक कांडी घेण्यापेक्षा आठच्या दोन बऱ्या, दोन्ही वाटांनी माल येतो. चार खाचांपैकी प्रोसेसरपासून दुसरी आणि चौथी. खटका दोन्ही टोकांना वाजला पाहिजे. मग बायॉसमध्ये जाऊन एक्सएमपी चालू करायचं. ते केलं नाही तर ३२०० चे पैसे मोजलेली कांडी गुपचूप २१३३ वर चालत राहते, कित्येक घरांत वर्षानुवर्षं चालते. जुन्या दोन कांड्यांशेजारी वेगळ्या कंपनीच्या दोन टोचल्या तर चौघी मिळून सगळ्यात मंद असेल तिच्या चालीनं चालतात, नाहीतर चालतच नाहीत. ३२ जीबीपर्यंत पोचलं की पुढचा पैसा प्रोसेसरवर घालावा. ६४ हा आकडा ज्यांना सिम्युलेटरसोबत आणखी चार गोष्टी उघड्या ठेवायच्या असतात त्यांच्यासाठी.

२०२४ च्या आवृत्तीनं यात इंटरनेट घुसवलंय. भूभागाचा मोठा हिस्सा आता डिस्कवर नसतो, उडता उडता खाली उतरतो. बिदर शहरात फायबर आहे. औरादच्या पुढच्या खेड्यात मोबाइलच्या हॉटस्पॉटवर उडणाऱ्याची जमीन धूसरच राहते, आणि तिथं प्रोसेसरही काही करू शकत नाही आणि रॅमही. तशा ठिकाणी एक्स-प्लेन किंवा फुकटातलं फ्लाइटगिअर बरं, भूभाग एकदाच गावात येऊन उतरवून न्यायचा.

२०२५ च्या अखेरीपासून मात्र सीटीसीत फोन केला तर रॅमचा भाव सकाळचा वेगळा आणि संध्याकाळचा वेगळा सांगतात. कृत्रिम बुद्धिमत्तेची केंद्रं मेमरी उचलायला लागली आणि कारखाने तिकडं वळले. मायक्रॉननं डिसेंबर २०२५ मध्ये क्रूशियल हा आपला किरकोळ गिऱ्हाइकांसाठीचा जुना छापच बंद करायचं जाहीर केलं. याच मायक्रॉनचा मेमरी जोडणी-तपासणीचा कारखाना गुजरातेत साणंदला जाहीर झाला होता, २०२३ मध्ये. डीडीआर५ चा नवा संच घेऊन सगळं मशीन बदलायचा बेत या भागातल्या बऱ्याच जणांनी पुढं ढकललाय. ज्याच्याकडे एएम४ चा बोर्ड आणि डीडीआर४ च्या दोन कांड्या आहेत, त्यानं त्या जपाव्यात, एक्स३डी चिप मिळाली तर घालावी, आणि जुन्या कांड्या 'आता काय उपयोग' म्हणून कुणाला देऊन टाकू नयेत. आधी कुणी फुकट न्यायला तयार नव्हतं त्या आठ-आठच्या जोडीला आता गिऱ्हाईक आहे.